विचारलं तेवढंच

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत तेहतीस वर्षं बसलं की माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक मानेचं दुखणं आणि दुसरा प्रश्नांचा तिटकारा. चौकशीबाईंना दोन्ही मिळाल्या होत्या. मानेसाठी डॉक्टरांनी पट्टा दिला. तिटकाऱ्यावर निवृत्तीखेरीज औषध नव्हतं.

त्यांना खरंखुरं नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकापलीकडे कुणाच्या कामाला आलं नाही. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती, आत बाई होत्या. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. रोजचे सहाशे प्रश्न, सुट्ट्यांच्या दिवसांत नऊशे. पाच पन्नासची लागली का? कुठल्या फलाटाला? जाते ती थांबते का? थांबते ती जाते का? एकदा एकाने काचेच्या भोकाला तोंड लावून “बाई, मी कुठे चाललो होतो हो?” असं विचारलं होतं. त्यालाही त्यांनी फलाट क्रमांक सांगितला, आणि तो समाधानाने गेला.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मात्र त्यांच्या हातून एक चूक झाली होती. एका म्हाताऱ्याने सव्वादोनची गाडी विचारली. बाई तेव्हा पंचविशीच्या होत्या, माणसांबद्दल त्यांना कुतूहल होतं. त्या म्हणाल्या, “का हो आजोबा, एवढ्या उन्हाचे का चाललात?” म्हाताऱ्याने सांगायला सुरुवात केली. आधी भाऊ आला, मग विहीर आली, मग भावाची बायको, मग एक म्हैस. म्हैस मरेपर्यंत सव्वादोनची, अडीचची आणि पावणेतीनची अशा तीन गाड्या निघून गेल्या होत्या आणि रांगेचं शेपूट उपाहारगृहात शिरलं होतं. वाहतूक निरीक्षकांनी बाईंना बाजूला घेतलं. “हे बघा, विचारलं तेवढंच सांगायचं. तो कुठे चाललाय ते त्याला ठाऊक. गाडी कधी आहे ते आपल्याला ठाऊक. का चाललाय, ते कुणालाच ठाऊक असायची गरज नाही.”

बाईंनी हे गाठीशी बांधून ठेवलं. तेहतीस वर्षांत ‘का’ हा शब्द त्या खिडकीतून पुन्हा बाहेर पडला नाही. हळूहळू घरातूनही पडेनासा झाला. लग्नाचं त्यांना कुणी तसं सरळ विचारलं नाही. आगारातलाच एक मिस्त्री दोन वर्षं रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन शेवटच्या गाडीची वेळ विचारायचा. त्या गाडीचं इंजिन तोच दुरुस्त करायचा. बाईंनी त्याला दोन वर्षं रोज अचूक वेळ सांगितली.

निरोपसमारंभात साहेबांनी ‘दोन शब्द बोला’ म्हटलं. बाई उठल्या, मानेचा पट्टा सारखा केला आणि म्हणाल्या, “तेहतीस वर्षं उत्तरं दिली. आता मला कुणी काही विचारू नका.” सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बाईंची धाकटी बहीण बसली होती, फक्त ती हसली नाही. तिने ते वाक्य ऐकून घेतलं आणि घडी करून जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई रिकाम्या बसू लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीत हातांची खुर्ची. समोर एका गोदामाची पाठ होती. पाठ म्हणजे पाठच. खिडकी नाही, दार नाही, कसली जाहिरात नाही. लोक समुद्राकडे बघतात तसं बाई त्या भिंतीकडे बघायच्या. भिंत काही विचारत नव्हती.

रिकामं बसणं वाटतं तितकं सोपं नसतं. पहिला महिनाभर त्या पाच पन्नासला खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या आणि मग का उठलो हे न कळून पाणी पिऊन यायच्या. पण बाईंनी नेट धरला. पुढे पुढे तर त्यांना रिकामपणाच्या जाती कळू लागल्या. साधा रिकामपणा वाटेत सगळीकडे थांबायचा: चहा, पाणी, गॅस बंद केलाय का ते बघणं. जलद रिकामपणा थेट जेवणापर्यंत जायचा. आणि सगळ्यात वरचा विनाथांबा. विनाथांब्यात बाई साडेदहाला बसायच्या, डोळे उघडे, झोप नाही, मनात एकही विचार चढू द्यायचा नाही, आणि पावणेचारला उतरायच्या. उतरल्यावर अंग हलकं असायचं. असं सुख आपल्याला साठीला टेकेपर्यंत कुणी सांगितलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. अर्थात त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की वस्तूसुद्धा प्रश्न विचारतात. टीव्ही विचारायचा, बघणार का? कुंड्या विचारायच्या, पाणी घातलं का? टीव्ही पहारेकऱ्याला गेला, कुंड्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना. गॅलरीतली दुसरी खुर्ची तर दिवसभर एकच विचारायची, इथे कोण बसणार? तिला बाईंनी जिन्यात नेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती आपली आपण कुठेतरी निघून गेली.

आता धाकटीचं.

धाकटीचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. ती मुलाजवळ भाड्याच्या घरात राहत होती. मुलगा पूल बांधायचा, आणि आता त्याला असा एक पूल मिळाला होता की जिथे नदीशिवाय काहीच नव्हतं. तीन वर्षं त्याला पत्र्याच्या खोपीत राहायचं होतं, तेही आणखी दोघांबरोबर. वर्षाअखेर भाड्याचं घर सोडायचं ठरलं.

“आई, मग तू कुठे राहशील?” मुलाने विचारलं.

“ताई आहे की.”

“विचारलंस तिला?”

“विचारते.”

एवढी साधी गोष्ट होती. धाकटीला ताईकडे राहायला यायचं होतं, आणि ताईला कुणी काही विचारायचं नव्हतं.

फोन दर गुरुवारी चार वाजता यायचा. विनाथांबा संपून पंधरा मिनिटं झालेली असायची, त्यामुळे बाईंचा आवाज छान लागलेला असायचा.

“ताई, एकटीला करमतं का गं?”

“उत्तम करमतं.”

“हो का?”

“हो.”

“बरं.”

पुढच्या गुरुवारी धाकटीने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. “तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं गं?”

“सकाळी सहा ते साडेसात. संध्याकाळी नाही.”

“दोन माणसांना पुरतं का?”

“पुरावं.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी जिने झाले. “बावन्न पायऱ्या ना गं?”

“चोपन्न. खालची मोडकी धरून.”

“गुडघ्यांना झेपतात का?”

“सावकाश चढलं तर झेपतात.”

मग मागच्या खोलीत ऊन येतं का (हिवाळ्यात येतं), शेजार कसा आहे (दात काढतात, बाकी शांत आहेत), वाचनालय जवळ आहे का (सात मिनिटं, सोमवारी बंद). बाई फोन ठेवायच्या तेव्हा त्यांना बरं वाटायचं. कशी नेमकी उत्तरं दिली. बहिणीबहिणींचं बोलणं असंच असावं, मुद्द्याला धरून.

तिकडे धाकटी फोन ठेवून मुलाला सांगायची, “झेपतात म्हणाली.”

“अगं, पण विचारलंस का?”

“विचारतेच आहे.”

एका गुरुवारी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता. बाई फोन कानाला लावून ‘कपाटात दोन कप्पे रिकामे आहेत’ असं सांगत होत्या. फोन संपल्यावर तो म्हणाला, “बाई, बहीण राहायला येणार वाटतं?”

“नाही. तिने तसं विचारलं नाही.”

इस्त्रीवाल्याने बाईंकडे बघितलं, मग हातातल्या शर्टाकडे बघितलं आणि शर्ट बरा वाटल्यामुळे त्याच्याकडेच बघत राहिला.

मग पलंगाचा गुरुवार आला. “ताई, आपल्या आईचा पलंग आहे ना गं अजून मागच्या खोलीत?”

“आहे.”

“छान,” धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला. हे बाईंच्या कानावर आलं, पण आवाज हा प्रश्न नसल्यामुळे त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही.

घोटाळा असा झाला की त्या फोनमुळे बाईंचं पलंगाकडे लक्ष गेलं. इतके दिवस तो बिचारा गप्प होता. आता तोही बोलू लागला. चादर कधी बदलणार? धूळ कोण पुसणार? माझ्यावर कोण झोपणार? चार दिवस बाईंचा विनाथांबा मधेच बंद पडू लागला. पाचव्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी इस्त्रीवाल्याला बोलावून सांगितलं, “घेऊन जा.”

इस्त्रीवाला तीन भाऊ घेऊन आला. पलंग दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला आणि दोन तास तिथेच राहिला. वरून खाली जाणारे लोक पलंगावर चढून पलीकडे उतरू लागले. दातांच्या डॉक्टरांचा एक रुग्ण, जबडा बधिर केलेला, चुकून वर आला, समोर पलंग दिसला तसा आडवा झाला आणि तोंड उघडून वाट बघत राहिला. शेवटी पलंगाचे पाय काढले, रुग्णाला उठवलं, आणि पलंग गेला. बाईंनी मागची खोली झाडून घेतली. नुसत्या चार भिंती. त्यांना इतकं प्रसन्न वाटलं की त्या दिवशीचा चहा त्यांनी तिथे उभ्याने घेतला.

गुरुवारी चार वाजता फोन आला. धाकटी उत्साहात होती. “ताई, त्या पलंगाला गादी कुठल्या मापाची लागते गं? माझी एक नवीन आहे, ती—”

“पलंग नाही. देऊन टाकला.”

एखादी जलद गाडी लागून, भरून, सुटून जाईल इतका वेळ पलीकडून कुणी बोललं नाही.

“कधी?”

“मंगळवारी.”

“बरं केलंस,” धाकटी म्हणाली. “जागा मोकळी झाली असेल.”

“खूपच.”

“ठेवते मग.”

ठेवते म्हणाली, पण ठेवला नाही. बाईंना तिचा श्वास ऐकू येत होता. त्या शांतपणे थांबल्या. प्रश्न असेल तर येईल, असा त्यांचा अनुभव होता. आला नाही. मग फोन बंद झाला.

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. बाईंचा विनाथांबा पाचपर्यंत गेला; तो त्यांचा विक्रम होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी चारला फोनकडे बघितलं, सव्वाचारलाही बघितलं. तिसऱ्या गुरुवारी फोन बिघडलाय का हे तपासायला त्यांनी तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांना लावून बघितला. फोन चालू होता. डॉक्टरांनी त्यांना साडेपाचची वेळ दिली. वेळ दिली म्हणून बाई गेल्या आणि दात साफ करून आल्या.

मग रविवारी भाच्याचा फोन आला. मागे वारा आणि लोखंड आपटल्याचा आवाज.

“मावशी, पोचलो बरं का पुलावर. आईला आत्याकडे सोडून आलो.”

“कुठल्या आत्याकडे?”

“मला एकच आत्या आहे, मावशी.”

ही आत्या म्हणजे धाकटीची नणंद. तीस वर्षांपूर्वी एका भांड्याच्या झाकणावरून दोघींचं बिनसलं होतं. भांडं एकीकडे राहिलं, झाकण दुसरीकडे, आणि दोघींनी आपापला अर्धा भाग जपून ठेवला होता. एवढ्या वर्षांत दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते म्हणजे आपलं पटत नाही.

“तिच्याकडे? तुझ्या आईचं तर तिच्याशी—”

“हो ना. पण तू नाही म्हणालीस, मग करणार काय?”

“मी नाही म्हणाले?”

“पलंग देऊन टाकलास ना. मी म्हटलं आईला, अगं स्पष्ट विचार, ती म्हणाली आणखी किती स्पष्ट विचारू. पण तुझ्यावर राग नाही हं तिचा. उलट म्हणाली, ताईने जन्मभर लोकांचं ऐकून घेतलंय, तिला आता निवांत बसू दे. बरोबरच आहे तुझं.” मागे कुणीतरी त्याला ओरडून बोलावलं. “ठेवतो मावशी, काँक्रीट आलं.”

बाई गॅलरीत येऊन बसल्या. समोरची भिंत होती तशीच होती. पण त्या दिवशी गाडी सुटेना. सात महिन्यांचे प्रश्न एकेक करून खिडकीशी येऊ लागले. करमतं का? पाणी येतं का? जिने झेपतात का? ऊन येतं का? कप्पे रिकामे आहेत का? आणि आता कुठे बाईंना दिसलं की एवढ्या लांबलचक रांगेत माणूस एकच होता. उत्तर घेऊन जात होता आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या. “पलंग परत मिळेल का?”

“बाई, त्यावर आम्ही चौघं झोपतो आणि दिवसा ऐंशी शर्ट.” मग तो इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, “बहिणीसाठी ना? मी म्हटलंच होतं.”

“मग पलंग नेताना बोलला नाहीत ते!”

“तुम्ही विचारलं कुठे?”

बाईंनी नवा पलंग घेतला. दुकानदाराने कुणासाठी विचारलं, त्या म्हणाल्या बहिणीसाठी. कधी येणार विचारलं, तेव्हा जिला साडेचारशे गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या ती बाई म्हणाली, “ते अजून विचारायचंय.” पलंग सुटे भाग करून आला आणि विनातक्रार वर चढला. प्लास्टिक तसंच ठेवून बाईंनी त्यावर कोरी चादर अंथरली आणि शनिवारी त्या बहिणीला आणायला निघाल्या.

नऊ वीसच्या गाडीने जायचं होतं. विचारायची गरजच नव्हती. स्थानकात पोचल्यावर कळलं की नऊ वीसची आता आठ पन्नासला सुटते, पुढची अकराला. बाई दोन तास बाकावर बसून राहिल्या, काचेच्या या बाजूला, आयुष्यात पहिल्यांदाच. तिघांनी त्यांना ओळखून गाड्या विचारल्या. “मला माहीत नाही,” बाईंनी सांगितलं. तिघेही गंमत समजून हसले.

नणंदेने दार उघडलं, आणि बाई चपला काढून आत बसेपर्यंत तिने चौदा प्रश्न विचारले. कोण? अगं बाई, तुम्ही? एकट्याच? कशाने आलात? जेवलात का? खरं सांगा, जेवलात का? मान अजून दुखते का? आमचं घर सापडलं कसं? पंखा लावू का? वारा बाधतो का? बाईंनी पहिल्या चार प्रश्नांना उत्तरं दिली, मग नणंदेला उत्तरं नकोच असतात हे कळल्यावर त्या गप्प बसल्या.

आतून धाकटी आली. ती थोडी जाडावली होती. गालांवर रंग होता. बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. बहीण वाळली असेल, डोळे सुकले असतील, अशी त्यांनी सबंध वाटभर मनाची तयारी केली होती.

“वहिनी, खिडकी कुणी उघडली?” नणंद.

“वाऱ्याने.”

“वाऱ्याला कडी काढता येते?”

“तुमच्या घरातल्या वाऱ्याला येते, वन्सं. त्याला सगळीकडे नाक खुपसायची सवय आहे.”

“ऐकलंत ना ताई? दिवसभर हे असं. माझा रक्तदाब हिच्यापायी वाढलाय.”

“त्यांचा रक्तदाब माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे,” धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला गेली. नणंद पाय ओढत तिच्यामागे गेली, कारण चहा किती उकळायचा यावर दोघींचं भांडण बाकी होतं. आतून बराच वेळ आवाज येत होते. बाईंना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला आणि त्यात एकही कामाचा नव्हता.

चहा झाल्यावर बहिणी मागच्या ओट्यावर बसल्या. दोरीवर दोघींचे कपडे वाळत होते.

“मी पलंग आणलाय,” बाई म्हणाल्या.

“कसला?”

“नवा. मागच्या खोलीत ठेवलाय.”

“छान झालं. चादरी आहेत का गं त्या मापाच्या?”

‘आहेत’ हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. छाती भरून श्वास घेतला, आणि तेहतीस वर्षं जो शब्द बंद होता तो खडखडत बाहेर काढला.

“का गं?”

धाकटीने त्यांच्याकडे नवलाने बघितलं. “काही नाही. सहज विचारलं.”

आणि या वेळी तिने खरंच सहज विचारलं होतं.

बाई म्हणाल्या, “चल माझ्याकडे. तुला न्यायलाच आलेय.”

“ताई, सात महिने विचारत होते मी.”

“तू विचारलंस कुठे? पाणी काय, जिने काय—”

“तूच म्हणाली होतीस ना, मला कुणी काही विचारू नका? मग मी न विचारता विचारत होते.”

“ते भाषण होतं गं! भाषणात माणूस काहीही बोलतो. सगळे हसले की.”

“मी पहिल्या रांगेत होते. तिथून तुझं तोंड दिसत होतं.”

त्या दिवशी आपलं तोंड कसं होतं हे बाईंना आठवत नव्हतं, पण खोटं नव्हतं एवढं आठवत होतं.

“पलंग होता म्हणून मला वाटलं, चला, काहीतरी आहे,” धाकटी म्हणाली. “नसता तरी मी जमिनीवर झोपले असते. पलंगाचं काय एवढं.”

“मग चल ना. आज नको, उद्या चल.”

“वन्संचा गुडघा करायचाय पुढच्या महिन्यात. मी आहे म्हणून त्या तयार झाल्यात. इतकी वर्षं घाबरत होत्या.”

“मग गुडघा झाल्यावर.”

“दुसराही आहे, ताई.”

“तुझं पटत नाही तिच्याशी.”

“नाहीच पटत. पण त्यांनी फोन करून विचारलं, वहिनी, येता का? मी म्हटलं, येते. मला रडूच आलं. झाकणाचा विषय त्यांनी नंतर काढला, मी पोचल्यावर.” तिने दोरीवरचा एक टॉवेल चाचपून बघितला, ओला होता, तसाच सोडला. “आणि तुला त्रासच झाला असता गं. मी बोलते फार.”

“मी ऐकलं असतं.”

“तू उत्तर दिलं असतंस,” धाकटी म्हणाली. तिने ते लागेल असं म्हटलं नव्हतं. पाच पन्नासची पाच पन्नासला सुटते, तसं म्हटलं.

निघताना नणंदेने आणखी नऊ प्रश्न विचारले आणि धाकटी कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. ती सांगत होती की नणंद झोपेतही प्रश्न विचारते, आणि परवा तर आपण झोपेतच उत्तर दिलं. सांगताना ती हसत होती. बाईही हसल्या. मग गाडी आली.

त्यानंतर बाई पुन्हा गॅलरीत बसू लागल्या. पलंग मागच्या खोलीत होता. तो काहीही विचारत नव्हता. गुरुवारी चारला आता बाई स्वतः फोन लावायच्या. कधी नणंद उचलायची, मग बाईंना आपली मान, दात आणि रात्रीचं जेवण यांचा सविस्तर वृत्तांत द्यावा लागायचा, आणि शेवटी ‘वहिनी व्यायाम करून घेतायत माझा, नंतर लावा’ असं व्हायचं. कधी धाकटी सापडायची. बाई ‘का गं’ म्हणायला शिकल्या होत्या. इस्त्रीवाल्यावर त्यांनी त्याचा सराव केला होता. तो एकदा सुरू झाला तो बायको बोलवायला येईपर्यंत थांबला नव्हता. पण धाकटीला आता ‘का गं’ विचारावं असं काही उरलं नव्हतं. ती सगळं स्वतःच सांगून मोकळी व्हायची, आणि मधेच आतून हाक आली की उठायची.

एकदा बोलता बोलता धाकटी म्हणाली, “अगं, मी दुपारी बारा ते चार झोपते, मला कुणी उठवलेलं खपत नाही, वन्संचं नि माझं त्यावरूनच वाजतं.” बाईंनी फोन ठेवला आणि हिशेब केला. बारा ते चार. म्हणजे विनाथांबा जवळजवळ पुरा झाला असता. दीड तास सकाळचा गेला असता, तेवढाच. दीड तासापायी आपण काय दिलं, हे त्यांना अगदी मिनिटांत सांगता आलं असतं.

वाईट हे होतं की त्यांना अजूनही करमत होतं. खायला उठलेलं घर, न सरणारी दुपार, असं काही झालं असतं तर निदान शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. ऊन चांगलं पडायचं. भिंत शांत असायची. अंग पूर्वीइतकंच हलकं व्हायचं. फक्त मधूनच बाई एखादं वाक्य मोठ्याने बोलून जायच्या. गोदामाच्या छपरावर एक कावळा रोज तोच तारेचा तुकडा आणायचा, खाली पाडायचा आणि पुन्हा आणायचा, त्याच्याकडे बघून त्या म्हणायच्या, “बघ, आला परत.” मग हे कुणाला सांगितलं, ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागायचा.